मागे वळून पाहणारी माहेरवाशीण

माहेरची माणसं गावाच्या तोंडाशी येऊन थांबली आणि तिथंच बसून राहिली. आत यायचं नाव घेईनात.

माझ्या बायकोला, युनशिऊला, जाऊन तीन वर्षं झाली, त्याचा विधी होता. बाईचा विधी तिच्या माहेरच्या माणसांशिवाय सुरू होत नाही. मुलांनी सनईवाले घेऊन सामोरं जायचं, रस्त्यात गुडघे टेकायचे, आणि मामाने हाताला धरून उठवलं की सगळ्यांनी मिळून घरी यायचं. माझा मुलगा योंगताई आणि मुलगी सूचिन, दोघंही डोक्याला पांढरं बांधून गेली. गुडघे टेकले. मामाने उठवलं नाही.

सनईवाले तेवढे परत आले आणि अंगणात वाळत घातलेल्या मक्याजवळ सिगारेटी ओढत बसले. त्यांच्यामागून सूचिन आली. तिच्या गुडघ्यांना माती लागली होती.

“बाबा, मामा म्हणतात, तो फलक उतरवा, मग येतो.”

“कुठला फलक?”

“पाहिला नाहीत तुम्ही? कंपनीच्या माणसांनी सकाळी लावला. रस्त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत.”

मी पाहिला नव्हता. सकाळपासून मी युनशिऊच्या फोटोपाशी होतो.

“काय लिहिलंय?”

“आईची माहेरवाशीण काढलीय, ट्रकएवढी. आणि खाली आपलं नाव, ‘लेई घराण्याची निर्मिती, देशाचा अभिमान’.”

आचारी चुलीपासून ओरडला, “काका, रस्सा आटत चाललाय. शेवया सोडू का?”

“थांब जरा.”

“मी थांबेन हो. रस्सा नाही थांबायचा.”

ही माहेरवाशीण म्हणजे सावल्यांच्या खेळातली बाहुली. बैलाच्या कातड्याची, वीतभर उंचीची. गाढवावर बसून माहेरी निघालेली बाई, मांडीवर तान्हं पोर, आणि चेहरा मागे. पुढं माहेर आहे आणि ही मागे बघते आहे. युनशिऊने ती किती वेळा कोरली याचा हिशेब नाही. शहरातून लोक तीच मागायला यायचे. सरकारने युनशिऊला या कलेची वारसदार ठरवलं, तेही हिच्यामुळेच.

गेल्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका कंपनीचा कार्टून चित्रपट आला. त्यात अशीच बाई, असंच गाढव, असाच मागे वळलेला चेहरा. जगभर चालला. आमच्याकडे लोक खवळले. ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. आमचं आहे, चोरलं, परत द्या. योंगताई शीआन शहरातल्या ज्या कंपनीत आहे, तीही याच बाहुलीवर चित्रपट काढते आहे. तिने त्या परदेशी कंपनीवर दावा लावायचं ठरवलं. दावा लावायचा तर मालक लागतो. मालक कोण, तर जिने कोरली ती. ती नाही, तर तिचा नवरा.

म्हणून आज कंपनीची माणसं कॅमेरे घेऊन आली होती. मी युनशिऊच्या फोटोसमोर उभं राहून सांगायचं, की ही बाहुली लेई घरच्या दांग युनशिऊने स्वतः निर्माण केली, कुणाकडून घेतली नाही. मग कागदावर अंगठा.

मी हो म्हणालो होतो. कुणी बळजबरी केली नव्हती. पहिल्या वर्षी शेजारीपाजारी तिची आठवण काढायचे. दुसऱ्या वर्षी कमी झाले. या वर्षी तिचं नाव घेणारा बहुतेक मीच, तेही घरात एकटा असलो की. आणि योंगताईने मला लॅपटॉपवर दाखवलं होतं, चित्रपट संपल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव कसं येणार ते. दांग युनशिऊ. मी त्याला ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

रस्त्यावर काय झालं ते सूचिनने मला नंतर सांगितलं. ते असं.

मानशानदादा, म्हणजे युनशिऊचे थोरले भाऊ, तीनचाकीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसले होते. शेजारी लिंगचाव, युनशिऊची धाकटी बहीण. तिच्या मांडीवर विधीसाठी केलेला मोठा वाफवलेला पाव होता, वर कणकेची फुलं आणि पाखरं. धूळ बसू नये म्हणून तिने त्यावर रुमाल धरला होता.

“मामा, उठा म्हणा की,” योंगताई खालून म्हणाला. “लोक बघतायत.”

“बघू देत. मीही बघतोय. एवढी मोठी बाई मी जन्मात बघितली नाही.” मामांनी वर बोट दाखवलं. “लिंगचाव, ओळखीची वाटते का गं तुला?”

मावशीने पावावरचा रुमाल नीट केला.

“मामा, ते कंपनीने लावलंय.”

“कंपनी कुणाची?”

“माझी नाही. मी नोकर आहे तिथं.”

“मग नोकराला विचारतो. तुझी मावशी चोर आहे का?”

योंगताईने मान खाली घातली. मावशीही आयुष्यभर तीच बाहुली कोरत आली आहे. तिच्या मुलीने फोनवर छोटं दुकान काढलं होतं, त्यावर त्या बाहुल्या विकल्या जायच्या. गेल्या महिन्यात दुकान बंद झालं. कारण आलं होतं, दुसऱ्याच्या मालकीचं चित्र वापरलं म्हणून.

“ते कंपनीचं मशीन करतं, मामा. चित्र जुळलं की आपोआप तक्रार जाते. ते मावशीसाठी नव्हतंच. परदेशी लोकांसाठी होतं.”

“असं होय? मग त्या मशीनला सांग बाबा, ही परदेशी नाही. दांगगावची आहे. नदी ओलांडून आलीय एवढंच.”

सूचिनला हसू आलं. योंगताईने ते पाहिलं.

“हस तू. तुझं काय जातंय?”

“माझी मावशी जातेय,” सूचिन म्हणाली.

“दादा, पोरांना उठव,” लिंगचाव पहिल्यांदाच बोलली. “खडी आहे खाली. गुडघे सोलवटतील.”

“सोलवटू देत. आईच्या माहेराला चोर म्हणणाऱ्याचे नाही सोलवटायचे, तर कुणाचे?”

मग मामांनी सूचिनला निरोप देऊन घरी पाठवलं. तिच्यामागे थोड्या वेळाने योंगताई स्वतःच उठला. मामाने उठवायच्या आधी उठायचं नसतं. तो तसाच घरी निघून आला आणि सरळ फान मॅडमकडे गेला.

फान मॅडम म्हणजे कंपनीतली त्याची वरिष्ठ. चाळिशीची, साध्या काळ्या कपड्यांतली बाई. सकाळी आल्या आल्या तिने युनशिऊसमोर उदबत्ती लावली होती आणि तीनदा वाकली होती. दिखावा वाटला नव्हता.

“फलक काढायला सांगा,” योंगताई तिला म्हणाला.

“काढू. पण काका बोलतील ना?”

“बोलतील.”

मी तिथंच होतो. मला कुणी विचारलं नाही. सूचिन मात्र मध्ये पडली.

“बाबा काही बोलणार नाहीत. मावशी रस्त्यावर बसलीय आणि इथं तुम्ही आईला विकायला काढलंय.”

“तोंड सांभाळ,” योंगताई म्हणाला. “विकायला? आईचं नाव सगळ्या देशाला कळणार आहे. तू शेवटच्या महिन्यात किती दिवस होतीस गं तिच्याजवळ?”

“तू होतास ना! तेव्हाच घेतलीस ना मालकीच्या कागदावर तिची सही?”

“मी घेतली नाही. तीच म्हणाली, तुझ्या उपयोगी पडत असेल तर कर बाबा.”

“हो, तुझ्या उपयोगी! मालकी नको होती तिला. पोराचं भलं हवं होतं. पोटाचं कातडं मागितलं असतंस तरी दिलं असतं तिने.”

दोघंही रडायच्या बेताला आली. फान मॅडम मध्ये आली, पण ती माझ्याकडे वळली.

“काका, मी बाहेरची. पण ऐका. आपलं नेहमी असंच होतं. आपण वस्तू अंगणात उघडी ठेवतो. दुसरा येतो, उचलतो, स्वतःच्या घरात ठेवून कुलूप लावतो, आणि मग आपणच दारात उभं राहून बघायचं. माझी मुलगी शाळेत जाते. तिने तो परदेशी सिनेमा चारचारदा पाहिला. मला विचारते, आई, ही गाढवावरची बाई कुठल्या देशाची गं? मी इथून तासाभरावर वाढलेय. माझ्या आजीबरोबर जत्रेत बसून मी हा खेळ पाहिलाय. मला काय वाटलं असेल?”

मला तिचं पटलं. आजही पटतं.

“मग कुलूप मावशीच्या दाराला का?” सूचिनने विचारलं.

“ते आजच काढते. मावशींना परवानगीपत्र देऊ. फुकट. हवं तेवढं कोरू द्या त्यांना.”

“परवानगी,” सूचिन म्हणाली.

योंगताईच्या मनात तेव्हा काय होतं, ते त्याने मला पुढं कधीतरी सांगितलं. त्याला वाटलं, सुटलं. मावशीला कागद मिळेल, मामा आत येतील, बाबा बोलतील, आईचं नाव राहील. सगळ्यांना सगळं मिळत असताना ही माणसं भांडतात कशाला, असं त्याला झालं होतं. आणि बायकोला त्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की नव्या वर्षात बढती होईल.

बायको गेलेल्या माणसाने विधी सुरू होईपर्यंत फोटोपासून हलायचं नसतं. मी हललो. काठी घेतली आणि रस्त्याला लागलो. मुलं मागोमाग आली, त्यांच्यामागं फान मॅडम.

फलक खरंच मोठा होता. वाऱ्याने फुगत होता, त्यामुळे युनशिऊची बाई गाढवावर हलल्यासारखी दिसत होती.

“या, जावईबापू,” मानशानदादा म्हणाले. “तुम्हाला पाठवलं? पोरांचे गुडघे संपले वाटतं.”

“दादा, आत चला.”

“येतो की. माझी बहीण आहे आत. पण कुणाच्या घरी येऊ ते कळू दे. आमच्या घरची बाहुली जिथं तुमच्या नावावर आहे, त्या घरी?”

मुलं पुन्हा खडीवर गुडघे टेकून बसली. मी उभाच राहिलो.

“दादा, गाढव तुमच्या घरचं. मी नाही म्हणत नाही. गाढवावरची बाईही तुमच्या घरची. युनशिऊ लग्न होऊन आली तेव्हा हातात घेऊन आली. पण तुमच्याकडची बाई समोर बघायची. मागे वळलेला चेहरा माझ्या घरी आल्यावर झाला. तेवढा तर तिचा आहे?”

हे मी बोललो खरं, पण त्यात माझं एक गुपित होतं. लग्नानंतर युनशिऊ पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा मी दारात उभा होतो, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन तिने वळून पाहिलं होतं. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, की बाहुलीतली बाई मला बघते आहे. मी तिला कधी विचारलं नाही. तिने कधी सांगितलं नाही. आमच्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

दादा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. लिंगचावकडे बघत राहिले.

“मी सांगू, का तू सांगतेस?”

“राहू दे, दादा.”

“मग मी सांगतो.”

“नको. तू मीठमिरची लावशील.” तिने मांडीवरचा पाव हळूच बाजूला ठेवला. “भाओजी, तुमच्या लग्नानंतर आमच्या गावी जत्रा होती. ताई आली होती. बाबा पडद्यामागे गात होते आणि मी त्यांच्या हातात बाहुल्या देत होते. खेळ संपला की डोकी काढून वेगळ्या कापडात बांधायची, आणि खेळाच्या आधी पुन्हा गळ्यात बसवायची, हे तुम्हाला ठाऊकच आहे.”

ठाऊक होतं. डोकं अंगावर राहिलं तर बाहुली आपली आपण चालायला लागते म्हणतात. म्हणून सगळ्या पेट्यांत डोकी वेगळी झोपतात.

“माहेरवाशिणीची वेळ आली आणि तिचं डोकं बसवायचं माझ्याकडून राहिलेलं. बाबांनी हात पुढं केलेला. मी घाईघाईत खोचलं आणि दिलं. उलटं खोचलं. ती पडद्यावर गेली, तेव्हा गाढव इकडे आणि तोंड तिकडे. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, अहो, ही सासरीच विसरलीय काहीतरी! बाबांनी एका हाताने गाढव चालवलं आणि दुसऱ्याने माझा कान धरला. गाणं थांबवलं नाही. आणि मग पुढं बसलेल्या बायका एकेक करून गप्प झाल्या. दोघीतिघी रडायला लागल्या. बाबांनी ते पाहिलं आणि तिला तशीच पार शेवटपर्यंत नेली.”

“आणि युनशिऊ?”

“ताई पडद्यासमोर होती. दुसऱ्या दिवशी तिने कातडं घेतलं आणि डोकं नि अंग एकातच कोरलं. म्हणजे पुन्हा कुणाला ते सरळ करता येऊ नये.”

फलकाचं कापड तेवढं फडफडत होतं.

“म्हणजे ती तुझी चूक होती,” मी म्हणालो.

“हो.”

“म्हणजे ते...” ते वळून बघणं माझ्यासाठी नव्हतं, एवढं ओठांवर येऊन राहिलं. तिला काय कळलं कुणास ठाऊक. ती खाली उतरली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“भाओजी, तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. मी डोकं उलटं लावलं ते घाईत. तिने ते तसंच ठेवलं ते घाईत नाही ठेवलं. चांगली दुपारपर्यंत बसली होती.”

मला ती बसलेली दिसली. उजव्या हातात सुरी रोवून धरायची आणि डाव्या हाताने कातडं पुढं सरकवायचं. सुरी हलत नाही, कातडं हलतं. ती अशी बसली की घरात कुणी हाक मारायची नाही.

“तिच्याच नावावर करून टाका,” लिंगचाव हळू आवाजात म्हणाली. “मी कधी बोलणार नाही. ती आता काही मागायला यायची नाही. तिला असू दे. मला फक्त कोरू द्या, झालं.”

“बघा, मावशी तयार आहे,” योंगताई खालून पटकन म्हणाला. “मावशी, तुझा परवाना मी स्वतः आणून देतो.”

“परवाना!” मानशानदादा गरजले. “हिने परवाना घ्यायचा? आणि ही गेल्यावर हिच्या पोरीने? तिच्या पोरीने? दरवेळी शीआनला जाऊन विचारायचं, साहेब, आमचं गाढव चालवू का?”

“काका,” फान मॅडम म्हणाली, “आम्ही देशासाठीच...”

“बाई, देशाचं नाव घेऊ नका. देशाला मी नाही म्हणत नाही. पण ही लिंगचाव देशात येते का नाही, तेवढं सांगा. येत असेल तर जे देशाचं ते हिचं. मग हिच्या दुकानाला टाळं कसं?”

मी विचारलं, “दादा, तुमच्या घरी ती कुठून आली?”

“आली कुठून म्हणजे? आमच्या आईने उतरवून घेतली. नदीच्या वरच्या अंगाने एक खेळवाला यायचा, पेटी आमच्या गोठ्यात ठेवायचा. एकदा दुपारी तो झोपला असताना आईने नमुन्यावर कातडं ठेवलं आणि सुईने ओरखडून घेतली. उठल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, घेतलीस ते बरं केलंस, फक्त गाढवाचे कान नीट काढ, माझ्याकडचे झिजलेत.”

“त्याचं नाव काय?”

“नाव कोण विचारतो? गाढववाला म्हणायचे.”

हसण्यासारखंच होतं ते. सूचिन हसली, लिंगचावही हसली. मला त्यात माझं सगळं गेलेलं दिसत होतं. नमुना मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. युनशिऊने कुणाला नाही म्हटलं नाही. शहरातून येणाऱ्या पोरींना ती चहा देऊन, शेजारी बसवून उतरवून द्यायची. ही रीत मला ठाऊक होती. तरीही मी अंगठा द्यायला निघालो होतो, कारण काळ्या पडद्यावर ती अक्षरं फार सुंदर दिसत होती.

“फलक उतरवा,” मी म्हणालो. “दादा, काय बोलायचं ते तुमच्यासमोर बोलतो. मग ठरवा, आत यायचं का नाही ते.”

“तसं नको,” दादा म्हणाले. “बोलायला आत चला. रस्त्यावर माझ्या बहिणीचं काही ठरवायचं नाही.”

ते उतरले. आधी सूचिनला हात दिला, मग योंगताईला. त्याच्या गुडघ्यांना चिकटलेली खडी त्यांनी स्वतःच्या हाताने झाडली. सनईवाल्यांनी लांबून पाहिलं आणि वाजवायला लागले.

अंगणात कॅमेरा लावलेलाच होता. मी फोटोशेजारी उभा राहिलो. योंगताईने लिहून दिलेलं सगळं मला पाठ होतं. मी ते म्हटलं नाही.

मी म्हणालो, “मी लेई देहुआय. ही माझी बायको, दांग युनशिऊ. ही बाहुली तिने आयुष्यभर कोरली. तिला ती तिच्या आईकडून मिळाली. आईला एका खेळवाल्याकडून. त्याला कुणाकडून मिळाली ते माहीत नाही. हिचं डोकं मागे आहे ते लिंगचावच्या चुकीने. ती चूक माझ्या बायकोने ठेवली आणि पक्की केली. तेवढं तिचं. आमच्या घराण्याने काही निर्माण केलेलं नाही. ज्यांना कोरता येते त्यांनी कोरावी. अंगठा मी देणार नाही.”

फान मॅडमने हात वर करून कॅमेरा थांबवला.

“काका, हे असं बोललात तर दाव्यात काही उरत नाही. ते म्हणतील, कुणाचीच नाही तर आमचीही आहे.”

“ते मागायला आले असते तर तिने उतरवून दिली असती. कुठून घेतली ते त्यांनी सांगावं, एवढंच.”

“ते सांगणार नाहीत. आणि जगभर विकणार.”

“हो,” मी म्हणालो.

ती पुन्हा युनशिऊसमोर वाकली, माणसांना सामान आवरायला सांगितलं आणि जाताना लिंगचावजवळ थांबून म्हणाली, “तुमची तक्रार मी मागे घेते. ते मला करता येईल.”

विधी झाला. मुलांनी डोकी टेकली. शेवटी रीतीप्रमाणे मानशानदादांना विचारलं गेलं, लेकरांनी आईच्या बाबतीत काही कमी केलं का? दादा योंगताईकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “नाही. काही कमी केलं नाही.” तीन वर्षांचा शोक संपला म्हणून पांढरी वस्त्रं उतरवून जाळली. सूचिन रडली. योंगताई कोरड्या डोळ्यांनी उभा होता.

मंडळी जेवायला बसली तेव्हा तो गाडीकडे गेला. मी मागोमाग गेलो.

“दोन घास खाऊन जा.”

“चित्रपट होणारच आहे, बाबा. दावा नाही झाला तरी चित्रपट होईल. बाहुलीही असेल. फक्त शेवटी काय लिहितील माहीत आहे? लोककला. बस्स.”

“हं.”

“तुम्हाला काही वाटत नाही?”

“वाटतं.”

“तिचं नाव यावं म्हणून मी दोन वर्षं तिथं भांडलोय. बढती हवी होती मला, खोटं कशाला बोलू. पण नाव मी बढतीसाठी नव्हतं लावलं.”

“माहीत आहे मला.”

“मग का केलंत असं? मावशी तर देत होती.”

“म्हणूनच,” मी म्हणालो. “ती भांडली असती तर मी घेतलं असतं. तिने दिलं, मग मला घेववेना.”

तो गाडीत बसला. दार लावायच्या आधी म्हणाला, “आता तिचं कुठंच काही राहणार नाही, बाबा.” त्याने वाट पाहिली, मग दार लावलं.

मी अंगणात आलो. मानशानदादांसमोर वाफाळता वाडगा होता. त्यांनी नुकत्याच जेवायच्या काड्या हातात घेतल्या होत्या.

“पोरगा कुठाय?”

“गेला.”

“जेवला?”

“नाही.”

दादांनी काड्या खाली ठेवल्या. “लिंगचाव, त्याला फोन लाव. आणि आवाज मोठा कर, मला ऐकू येत नाही.”

फोन बराच वेळ वाजला. मग त्याने उचलला.

“मी दांगगावचा मामा बोलतोय.”

“बोला, मामा.”

“तुझ्या आईचं माहेर तुझ्या दारात जेवायला बसलंय आणि तू उपाशी निघालास? गाडी वळव.”

“मामा, तुम्ही जेवून घ्या.”

“नाही जेवत.”

“मी पुलापर्यंत आलोय.”

“मग पुलावरून वळव. आम्ही बसलोय.”

फोन बंद झाला नाही. आधी गाडीचा आवाज येत होता, मग तोही थांबला, आणि योंगताई रडत असलेला आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. लिंगचावने फोन बंद करायला बोट नेलं. दादांनी तिचा हात धरला.

सगळ्या अंगणाने काड्या खाली ठेवल्या. कुणी वाडग्याला हात लावला नाही. टेबलावर तो फोन चालू होता, आणि त्याच्याभोवती आम्ही बसून राहिलो.